बाप गेला तेव्हा नाही, नखवाला गेला तेव्हा

ताई,

हसू नका, पण आमच्या घरातल्या अबोल्याचं कारण एक सिनेमा आहे.

माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणायचो, मागच्या वर्षी गेले. शेवटची दोन वर्षं ते अंथरुणाला खिळून होते, आठवणही जात चालली होती. त्यांचं बहुतेक सगळं मीच केलं. कर्तव्य म्हणून नाही, माझा जीव होता त्यांच्यावर. ते गेले त्या दिवशी माझ्या नवऱ्याच्या डोळ्यात टिपूस नाही. फोन करणं, हॉस्पिटलचं बिल, कागदपत्रं, आल्यागेल्याला पाणी, सगळं चोख. संध्याकाळी माणसं पांगली तसा हा खाली गेला आणि अप्पांची बंद पडलेली स्कूटर उघडून बसला. रात्री साडेबारापर्यंत! (ती स्कूटर आता चालू आहे, पण चालवत कोणी नाही आणि हा विकूही देत नाही.)

मागच्या आठवड्यात आमच्या लेकीला, वय वर्षं चौदा, घेऊन हा 'लोगन' नावाचा इंग्रजी सुपरहिरोचा सिनेमा बघत बसला होता. नायक शेवटी मरतो म्हणे, पण ह्याला त्याच्या आधीच, मध्येच कुठंतरी एका म्हाताऱ्याला पुरतात तिथं, हुंदका फुटला. मग थांबेचना. एक्केचाळीस वर्षांचा माणूस उशीत तोंड खुपसून अर्धा तास. (हे वेड बापलेकांचं जुनंच. अप्पांना त्या हिरोचं नाव घेता यायचं नाही, ते त्याला 'नखवाला' म्हणायचे.) लेकीला आधी हसू आलं, मग तिनं फोनवर दहा-बारा सेकंदांचा व्हिडिओ काढून चुलतभावंडांच्या ग्रुपवर टाकला. मीही बोलून गेले, "बाप गेला तेव्हा कुठं गेलं होतं हे पाणी?" तेव्हापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलतो.

सख्ख्या बापापेक्षा एक खोटा माणूस जवळचा कसा असू शकतो, ताई? आणि ज्याच्यासाठी एवढा रडला तो नट २०२४ मध्ये परत आलाच की, मस्करी करत! मग कसलं मरण नि कसलं रडणं? मला राग येतो, आणि रागाची लाजही वाटते.

– कोड्यात पडलेली

*

बाई, तुमच्या पत्रात दोन गोष्टी तुम्ही कंसात टाकल्या आहेत. एक स्कूटर, दुसरा नखवाला. माझं उत्तर त्या कंसांतूनच सुरू होणार आहे.

आधी एक कबुली. असल्या सिनेमांच्या वाटेला मी कधी गेले नव्हते. अंगाला चिकटलेले कपडे घालून इमारती पाडणारी माणसं, एवढंच माझं ज्ञान. तुमचं पत्र आलं तेव्हा भाच्याला बोलावलं, त्यानं दोन तास शिकवणी घेतली, आणि मग मी 'लोगन' पाहिला. दोन दिवसांनी परत पाहिला. पहिल्यांदा तुमच्यासाठी, दुसऱ्यांदा माझ्यासाठी.

त्यामुळे आता थोडं सांगते, कारण तुम्ही तो सिनेमा पाहिलेला नाही हे तुमच्या पत्रावरून कळतं. नवरा कशासाठी रडला हे न बघता त्याच्या रडण्याचा निवाडा केलात, आणि त्या एका गोष्टीबद्दल मी तुमच्यावर थोडी नाराज आहे.

तुमच्या घरचा नखवाला म्हणजे वुल्व्हरिन, हातांतून धारदार पंजे बाहेर काढणारा, 'एक्स-मेन' नावाच्या टोळीतला सुपरहिरो. हे पात्र कॉमिक्समध्ये आलं १९७४ साली. सिनेमात ते ह्यू जॅकमननं पहिल्यांदा २००० साली केलं आणि 'लोगन' आला २०१७ मध्ये. लहानमोठ्या भूमिका धरून नऊ सिनेमे, सतरा वर्षं, चेहरा एकच. बाकीच्या सुपरहिरोंचं काय होतं, की नट म्हातारा व्हायला लागला की बदलतात, नवा तरणाबांड आणतात, आणि हिरो जन्मभर तिशीतला राहतो. ह्याचं तसं झालं नाही. जॅकमन पडद्यावर आला तेव्हा एकतीस वर्षांचा होता, 'लोगन'च्या वेळी अठ्ठेचाळीस. आता तुमच्या नवऱ्याचा हिशोब करा. २००० साली तो पंधरा-सोळाचा. म्हणजे ज्या काळात त्याला मिसरूड फुटलं, नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, त्या सगळ्या काळात हा एक माणूस त्याच्याबरोबर वयानं वाढत होता. आणि शेजारी बसून तो सिनेमा बघणारे अप्पाही.

१९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघा अमेरिकी अभ्यासकांनी टीव्हीवरच्या माणसांशी प्रेक्षकांचं जे एकतर्फी नातं जुळतं त्यावर लिहून ठेवलंय. समोरचा आपल्याला ओळखत नाही हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, तरी सहवासानं होते तशी सवय होते, माया लागते. ही काही आजच्या पोरांची थेरं नाहीत. शेरलॉक होम्सला त्याच्या लेखकानं १८९३ मध्ये मारलं तेव्हा चिडलेल्या वाचकांनी मासिकाची वर्गणी बंद केली होती, आणि शेवटी लेखकाला त्याला परत आणावं लागलं. पण हे सगळं सांगूनही तुमचा प्रश्न सुटत नाही हे मला कळतं. नातं जुळतं, मान्य. बापापेक्षा घट्ट कसं, हा तुमचा प्रश्न आहे.

त्याचं उत्तर सिनेमातच आहे, म्हणून आता जरा तिथं रेंगाळते.

गोष्ट २०२९ सालातली. वुल्व्हरिन म्हणजे लोगन थकलाय. पूर्वी जखमा क्षणात भरायच्या, आता भरत नाहीत, कारण हाडांवर मढवलेला ॲडमँटियम धातूच त्याला आतून विषासारखा भिनतोय. पंजे बाहेर काढताना दुखतं, एक तर अर्ध्यावर अडकतो. पोटासाठी तो भाड्याची लांबलचक गाडी चालवतो, आणि मिळालेल्या पैशातून एका म्हाताऱ्यासाठी चोरून औषधं आणतो. तो म्हातारा म्हणजे चार्ल्स झेवियर, त्याचा गुरू, म्हटलं तर बाप. एकेकाळी जगातलं सगळ्यात ताकदवान डोकं. आता नव्वदी ओलांडलेलं, मेंदूच्या आजारानं पोखरलेलं. झटका आला की आसपासच्या माणसांचा श्वास थांबतो. मेक्सिकोत, सरहद्दीपलीकडे, एका मोडक्या कारखान्यात पाण्याच्या आडव्या पडलेल्या टाकीत त्याला लपवून ठेवलंय. म्हातारा कधी असंबद्ध बडबडतो, कधी लोगनला ओळखतच नाही, कधी ओळखून टोमणे मारतो. लोगन चिडतो, ओरडतो, आणि गोळ्या भरवतो.

बाई, सुपरहिरोच्या सिनेमाचा हा पहिला अर्धा तास आहे. घरात एखादं अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं की जसं असतं, तसंच.

पुढं पळापळ होते, लॉरा नावाची, लोगनच्याच अंशातून प्रयोगशाळेत जन्मलेली, न बोलणारी मुलगी बरोबर येते. वाटेत एका शेतकरी कुटुंबाकडे हे तिघं रात्रीपुरते थांबतात. जेवण होतं, हसणं होतं, लोगन म्हाताऱ्याला उचलून जिन्यानं वर नेतो, निजवतो. पायांत बळ नसलेला मोठा माणूस छातीशी धरून जिना चढायचा म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. मग लोगन खाली कामाला जातो, आणि त्याचाच चेहरा असलेला, प्रयोगशाळेत बनवलेला दुसरा एक लोगन त्या खोलीत येतो. म्हातारा अंधारात त्यालाच आपला मुलगा समजून मनातलं बोलत असतो, बऱ्याच काळानं इतकी छान रात्र मिळाली असं सांगत असतो, आणि तो त्याच्या छातीत पंजे खुपसतो. खरा लोगन धावत येतो, म्हाताऱ्याला उचलून खाली आणतो, आणि जीव जाणाऱ्या त्या माणसाला परत परत एकच सांगत राहतो, की तो मी नव्हतो.

मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा इथं थांबवून ठेवलं आणि उठून पाणी प्यायले.

आता तुमच्या नवऱ्याला जिथं हुंदका फुटला तिथं येऊ. लोगन आणि म्हातारा, दोघांचं एक स्वप्न असतं, एक बोट विकत घ्यायची आणि समुद्रात निघून जायचं. पैसे साठवणं चाललेलं असतं. ती बोट काही येत नाही. लोगन म्हाताऱ्याला रस्त्याकडेच्या झाडीत, एका तळ्याजवळ पुरतो. फावडं हातात, शेजारी ती मुलगी. त्याला चार शब्द बोलायचे असतात. इथं पाणी आहे, एवढंच काहीतरी तो बोलतो, तेच पुन्हा बोलतो, आणि पुढं शब्द फुटत नाहीत. मुलगी त्याचा हात धरते. तो हात सोडवतो, गाडीपाशी जातो. गाडी सुरू होत नाही. मग तो त्याच फावड्यानं गाडीला झोडपायला लागतो. बॉनेट, काच, जे समोर येईल ते. थकून जमिनीवर कोसळेपर्यंत.

आता मला सांगा, अप्पा गेले त्या संध्याकाळी जिन्याखाली काय चाललं होतं?

तुमच्या नवऱ्यानं गाडी फोडली नाही, दुरुस्त केली, एवढाच काय तो फरक. आणि मला विचाराल तर ही त्या सिनेमापेक्षा बरीच बरी आवृत्ती आहे. केनेथ डोका आणि टेरी मार्टिन या दोघांनी शोकाबद्दल बरंच काम केलंय. त्यांचं म्हणणं असं की काहींचा शोक डोळ्यांतून वाहतो आणि काहींचा हातांतून. ते काहीतरी करत सुटतात, मार्गी लावतात, दुरुस्त करतात. बहुतेक माणसं या दोन टोकांच्या मध्ये कुठंतरी असतात. पुरुष एका बाजूला नि बायका दुसऱ्या, अशी सरळ वाटणीही नाही. माझी आजी आजोबा गेल्यावर तीन दिवस माळा आवरत होती आणि आम्ही तिला दगड म्हणत होतो. तेव्हा साडेबारा वाजेपर्यंत तो खाली बसला होता, ते शोक टाळायला नव्हे. त्याचं रडणं चालूच होतं, ग्रीस लागलेल्या हातांनी. तुम्ही वरून जेवायला हाका मारत होतात.

मग डोळ्यांतलं पाणी आत्ताच का, आणि सिनेमातच का?

आपल्याकडच्या रसशास्त्रानं हा प्रश्न फार जुन्या काळी हाताळलाय. शोक आणि करुण या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या आहेत. शोक हा भाव, आपल्याच घरात घडलेला. त्यात आपण बुडालेले असतो, हातपाय मारत असतो, त्याचा आस्वाद घेणं शक्य नाही. तोच शोक नाटकातून समोर येतो तेव्हा तो 'माझा' असा राहत नाही, कुणाचाही होतो, सगळ्यांचा होतो, आणि त्याचा करुण रस होतो. साधारणीकरण हा जड शब्द कॉलेजात पाठ केला होता. त्याचा अर्थ मला तुमच्या पत्रानं समजला. हॉस्पिटलात तुमच्या नवऱ्याला बिल भरायचं होतं. सह्या करायच्या होत्या. कुणाला कळवायचं राहिलं का, हे बघायचं होतं. तिथं त्याला रडायला कोणी मुभा दिली होती? घरच्या सोफ्यावर, दिवे मालवलेले, दुसऱ्याच कुणाचा तरी बाप पुरला जातोय, आपल्याला काहीच करायचं नाहीये. तेव्हा बांध फुटला. त्याचं रडणं अप्पांसाठीच होतं, बाई. फक्त वाट लांबची होती, नखवाल्याच्या घरावरून जाणारी.

आणि हे मी माझ्या पदरचं सांगत नाही. त्या सिनेमालाही हेच म्हणायचंय. प्रवासात एका हॉटेलच्या खोलीत म्हातारा आणि लॉरा टीव्हीवर जुना वेस्टर्न सिनेमा बघतात, १९५३ सालचा 'शेन'. मुलगी प्रयोगशाळेत वाढलेली, तिला ना आई ना बाप, सिनेमा म्हणजे काय हेही धड माहीत नाही, टक लावून बघते. शेवटी लोगन मरतो तेव्हा त्याला पुरून झाल्यावर त्याच्यासाठी काहीतरी बोलायला हवं असतं. मरताना तिनं त्याला पहिल्यांदाच बाबा म्हटलेलं असतं. पण अशा वेळी काय बोलायचं, हे तिला कोण शिकवणार? मग ती त्या हॉटेलात ऐकलेले, सिनेमातले संवाद म्हणून दाखवते. अकरा वर्षांचं पोर, खऱ्या बापाच्या खऱ्या मातीवर, उसने शब्द. मग तिच्यासारखीच प्रयोगशाळेतून पळालेली सगळी मुलं पुढं निघतात, ती मागं वळते, काठ्यांचा क्रूस उपटते आणि तिरपा करून 'एक्स-मेन'मधल्या एक्ससारखा रोवते.

ज्याच्याकडे स्वतःचे शब्द नसतात तो सिनेमातले घेतो. तुमच्या नवऱ्यानं तेच केलं. तुम्ही त्याला विचारलंत, बाप गेला तेव्हा कुठं होतं हे पाणी. खरं उत्तर असं आहे की तेव्हा त्याच्याकडे ते नव्हतं, आता उसनं मिळालं.

त्यात तो एकटाही नाही. २०१७ मध्ये हा सिनेमा आला तेव्हा मोठमोठे बाप्ये डोळे पुसत बाहेर पडले. भाचा म्हणाला, त्याच्या मित्रांमधल्या निम्म्यांनी आपण रडलो हे तेव्हाच कबूल केलं, उरलेल्यांनी दोन वर्षांनी. आणि गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याच जणांना लोगनपेक्षा म्हाताऱ्याच्या मरणानं जास्त हलवलं होतं. खुद्द ते काम करणाऱ्यांचं बघा. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात पॅट्रिक स्टुअर्ट, म्हणजे तो म्हातारा, आणि जॅकमन शेजारी बसून पूर्ण झालेला सिनेमा बघत होते. स्टुअर्टनी नंतर सांगितलं की शेवटाकडे जॅकमननं डोळे पुसले आणि त्यांचा हात हातात घेतला, आणि त्यांचीही अवस्था वेगळी नव्हती. ज्यांनी संवाद पाठ केले होते, रक्त हे रंग आहे हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांची ही गत. तुमच्या नवऱ्याच्या शेजारी हात हातात घ्यायला कोण होतं? फोन घेतलेली मुलगी.

तिच्याकडे येतेच, पण आधी तुमचा २०२४ चा मुद्दा, कारण तो मला आवडला. जॅकमन परत आला, खरंच आला, 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'मध्ये, पिवळा पोशाख घालून. आधी घोषणा झाली तेव्हा खुद्द चाहत्यांमध्येच दोन तट पडले होते. एक म्हणे ये रे बाबा, दुसरा म्हणे त्या मरणाची अब्रू तेवढी घालवू नका. सिनेमा सुरूच होतो लोगनची कबर उकरण्यापासून. आत सांगाडा निघतो, म्हणजे तो मेलेलाच आहे, आणि मग त्याच हाडांनी मारामारी होते. मला ते बघून हसूही आलं आणि कसंसंही झालं. पुढं जो येतो तो दुसऱ्या विश्वातला वुल्व्हरिन. पळवाटच, धंद्यासाठी काढलेली, मी काही तिचं समर्थन करत नाही. पण यातून रडणं खोटं ठरतं असं तुम्ही म्हणता, ते उलटं आहे. नट परत येतात. अप्पा येणार नाहीत. तुमच्या नवऱ्याला हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं, म्हणून तर तो नटाच्या मरणावर रडू शकला.

आता तुमच्याबद्दल. एवढा वेळ मी नवऱ्याचीच वकिली केली, तुम्हाला वाटलं असेल हीसुद्धा त्याच्याच बाजूची निघाली.

त्या सिनेमात कॅलिबन नावाचं एक पात्र आहे. पांढराफटक, उंच, उन्हात गेला तर कातडी भाजते म्हणून सदा अंगभर गुंडाळलेला. लोगन बाहेर गाडी चालवायला जातो तेव्हा मागं म्हाताऱ्याचं सगळं करतो तो हा. लोगन त्याला धड काही सांगत नाही, त्याच्यावर खेकसतो. त्याला मात्र सगळं कळत असतं, लोगनचं पिणं, आजार, खिशात लपवलेली बंदुकीची गोळी. तो विचारतो, तर तोंड बंद ठेव म्हणून उत्तर मिळतं. पुढं तो मरतोही, आणि त्याच्यासाठी कोणी तळ्याकाठची जागा शोधत नाही. सिनेमा बघून रडलेल्या इतक्या जणांशी बोलले, कॅलिबनसाठी रडलो असं म्हणणारा एकही भेटला नाही.

बाई, त्या घरात कॅलिबन तुम्ही होतात. दोन वर्षं अंथरूण, औषधं, रात्रीच्या हाका, सगळं तुम्ही केलंत. अप्पा गेले तेव्हा तुम्ही रडलात, आणि एकट्या रडलात, कारण तुमच्या बरोबरीनं रडायला ज्यानं यायला हवं होतं तो खाली स्कूटरपाशी होता. मग वर्षानं त्याला रडू आलं ते तुमच्या खांद्यावर नाही, सोफ्याच्या उशीत, कुठल्याशा परक्या हिरोपायी. तुमचा राग त्या हिरोवर नाहीच. मागच्या वर्षी त्या संध्याकाळी मला एकटीला सोडलंस, हा तो राग आहे, आणि तो रास्त आहे. फक्त तुम्ही तो चुकीच्या क्षणी, चुकीच्या वाक्यात बाहेर काढलात. त्याची लाज वाटायचं कारण नाही. दुरुस्त करायचं कारण आहे.

तर काय करायचं.

व्हिडिओ आज काढून टाकायचा. ज्यांच्या ज्यांच्या फोनवर गेलाय त्यांना लेकीनं स्वतः सांगायचं की पुसा. तिला रागवू नका फार. चौदाव्या वर्षी बाप रडताना पहिल्यांदा दिसला की पोरं घाबरतात, आणि घाबरली की फोन काढतात. आणि खरं सांगायचं तर एवढी कापाकापी असलेला सिनेमा चौदाच्या मुलीला दाखवायचा नव्हता. अमेरिकेत त्याला 'आर' शिक्का आहे, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नाही, तो उगीच नाही. हे मात्र नवऱ्याला आत्ता ऐकवू नका, सहा महिन्यांनी ऐकवा.

मग तुम्ही त्याची माफी मागा. लांबण लावू नका. "मी ते बोलायला नको होतं," एवढं पुरे. 'पण' जोडू नका. मला माहितेय तुमच्याकडे जोडण्यासारखा 'पण' आहे, चांगला भक्कम आहे, त्याची वेळ येईल.

'अप्पांसाठी का नाही रडलास' हा प्रश्न कुठल्याही रूपात विचारायचा नाही. त्याऐवजी नखवाल्याबद्दल विचारा. अप्पा त्याला नखवाला का म्हणायचे, कुठला सिनेमा दोघांनी पहिल्यांदा पाहिला, त्यांना कळायचं का काही, की नुसते बसायचे मुलाशेजारी. हिरोबद्दल विचारलं की पुरुष बोलतात, हा माझा अनुभव आहे; बोलता बोलता बापापर्यंत आपोआप येतात, आपण वाट अडवायची नाही इतकंच. जमलं तर एकदा तो सिनेमा त्याच्याबरोबर बसून बघा. तळ्यापाशी आल्यावर काही बोलू नका. आणि कॅलिबनकडे बघताना त्याला सांगा, की ही मी. तुमचा तो 'पण' तेव्हा.

एवढं करूनही महिना-दोन महिन्यांत त्याची झोप उडालेलीच राहिली, कामावरून लक्ष उडालं, पिणं सुरू झालं किंवा वाढलं, किंवा जगण्यात काही अर्थ नाही अशा भाषेत तो बोलायला लागला, तर मात्र समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, शेवटच्या बाबतीत तर दुसऱ्याच दिवशी. वर्षानं एकदा अर्धा तास रडणं हा त्यातला प्रकार नाही.

आणि ती स्कूटर. चालू आहे म्हणता, पण चालवत कोणी नाही. एखाद्या संध्याकाळी त्याला म्हणा, मला जरा चक्कर मारून आण. मागं बसल्यावर एकमेकांचं तोंड दिसत नाही, बोलायला बरं पडतं. नाही बोलला तरी बसून राहा. वाटेत बंद पडली तर तोच दुरुस्त करेल, तुम्ही टॉर्च धरा.